चावी खिशात होती

संघपाल दाभाडे एकेचाळीस वर्षांचा आहे. मिशीत पांढरं दिसायला लागलंय, पोरगी दहावीला आहे, वाचायला चष्मा लागतो. असल्या बाप्याला मी आमच्या पेपरात 'बॉय' म्हटलं. त्याला एकट्यालाच नाही, त्याच्यासारख्या कितीतरी जणांना म्हणत आले. आणि तेवढं कमी पडलं म्हणून की काय, एप्रिलमध्ये त्याच्याबद्दल आणखी एक शब्द छापला. तो शब्द मला कुणी सांगितला नव्हता. माझा मीच घातला.

मी कालिंदी. छत्रपती संभाजीनगरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर चोवीस वर्षं शहराचं पान लावते. बातमीदार गावभर उन्हातान्हात हिंडतात आणि आम्ही डेस्कवाले खुर्चीत बसून त्यांच्या बातम्या नीट करतो. माझी जीभ तिखट आहे असं ऑफिसात म्हणतात आणि ते खोटं नाही. नव्या पोरानं 'कार्यक्रम संपन्न झाला' असं लिहिलं की मी त्याला चारचौघांत सोलून काढते. शब्दांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये, असा माझा तोरा होता. म्हणूनच ही हकिगत सांगताना मला माझीच लाज वाटते.

संघपालला मी त्या बातमीच्या बऱ्याच आधीपासून ओळखत होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला डेस्कवर भुका लागतात, कुणीतरी फोनवरून काहीतरी मागवतं आणि निम्म्या वेळा ते पार्सल संघपालच घेऊन यायचे. पाठीवर चौकोनी पिशवी, तोंडाला रुमाल, शर्ट पाठीला चिकटलेला. पार्सल हातात दिलं की दोन मिनिटं भिंतीवर लावलेली त्या दिवशीची पानं उभ्या उभ्या वाचायचे. एकदा मी खवचटपणे विचारलं, काय हो, तुमच्या मागे घाई नाही वाटतं? तर म्हणाले, पेपर वाचल्याशिवाय दिवस उगवल्यासारखाच वाटत नाही. मला बरं वाटलं. आमचा पेपर इतक्या आवडीनं वाचणारं माणूस हल्ली ऑफिसातसुद्धा सापडत नाही.

मग येता-जाता त्यांची सगळी कहाणी तुकड्या-तुकड्यानं कळली. मूळचे देवगाव रंगारीचे. आई कडूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, पण पोराची शाळा तिनं सुटू दिली नाही. शहरात येऊन ते आयटीआयला फिटर झाले आणि पैठण रोडला चितेगावच्या एका कारखान्यात कंत्राटी म्हणून लागले. अकरा वर्षं काढली तिथं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की हे पेपर उघडायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. 'पेपरात आलंय' म्हटलं की वाद मिटायचा. पुढं कारखान्यानं ते खातंच बंद केलं आणि कंत्राटी माणसं घरी बसवली. फिटरचं काम शोधून शोधून नाकी नऊ आले तेव्हा त्यांनी गाडी काढली आणि पाठीला पिशवी लावली.

कारखाना सुटला तरी कारखान्याची एक सवय सुटली नव्हती. मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. शेजारच्या माणसाची दोन बोटं गेलेली यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळं गाडीवर असताना फोन वाजला तरी यांचं तेच. गाडी कडेला घ्यायची, स्टँडवर लावायची, चावी काढून खिशात टाकायची आणि मगच फोन हातात घ्यायचा. सिडकोत एन-सहा सेक्टर कुठं संपतं आणि एन-सात कुठं सुरू होतं हे पाठ असूनसुद्धा बाकीच्या पोरांपेक्षा त्यांची एखादी ऑर्डर कमीच व्हायची. पोरं हसायची, 'काका, गाडीला झोपवता का काय' म्हणायची. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून त्यांचं हे गाडी लावणं मी स्वतः कितीदा पाहिलंय.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पारा बेचाळीसच्या पुढं गेलेला असताना, हिमांशूची बातमी आली. हिमांशू आमचा तरुण बातमीदार, दिवसाला सात-आठ ठिकाणी पळणारा. त्यानं फोनवरून दोन ओळी पाठवल्या होत्या. पाइपलाइनच्या खड्ड्यात पडून डिलिव्हरी बॉय जखमी, दुपारी अडीचची घटना. पाय मोडला, खासगी रुग्णालयात दाखल. चौकाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं, बाकी काही नव्हतं, आणि माझ्या पानावर तर आठ ओळींची जागा रिकामी होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी आम्ही वाचकांना कधी सांगत नाही. दोन ओळींच्या आठ ओळी करणं हे डेस्कचं रोजचं काम. त्यासाठी साचे तयार असतात. आग लागली की ती भीषणच असते. गर्दी झाली की ती तोबाच असते. आणि दुचाकीवरचा माणूस पडला की त्याची गाडी भरधावच असते. मी टाइप केलं, 'भरधाव वेगातील दुचाकीवरील नियंत्रण सुटल्याने डिलिव्हरी बॉय रस्त्यालगतच्या खड्ड्यात कोसळला.' वर शीर्षक दिलं, 'भरधाव डिलिव्हरी बॉय खड्ड्यात'. एका कॉलमात चपखल बसलं. पुरतं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग मी चहा मागवला आणि पाणीपट्टीच्या बातमीकडं वळले.

तीन आठवड्यांनी, दुपारी चारला, एक बाई डेस्कपाशी येऊन उभी राहिली. फिकट हिरवी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी. जय भीम म्हणाली. मी मान वर न करताच नमस्कार म्हटलं आणि बसा म्हणायचं विसरले. मी संध्या दाभाडे, तिनं सांगितलं, संघपाल दाभाडेंची मिसेस, तुमच्याकडं पार्सल घेऊन यायचे ते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत संघपाल दिसलेच नव्हते आणि मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. नवीन माणूस पार्सल आणत होता आणि आम्ही खात होतो.

तिनं पिशवीतून एक पत्र काढलं आणि त्याला टाचलेलं कात्रण दाखवलं. माझं कात्रण. माझ्या आठ ओळी. ज्या कंपनीचं ॲप त्यांच्या फोनवर होतं, त्या कंपनीनं काम करणाऱ्यांचा अपघाती विमा काढलेला असतो. तारीख, वेळ आणि जागा जुळवून विमावाल्यांनी बातमी शोधली होती आणि पत्रात लिहिलं होतं की, वृत्तपत्रातील माहितीनुसार चालकाचा वेग बेदरकार होता, सबब दावा नामंजूर. त्याच कारणानं कंपनीनं त्यांचा आयडी तात्पुरता बंद केला होता. आयडी बंद म्हणजे फोनवर काम येणं बंद. एक ऑपरेशन झालं होतं, पायात सळई होती. दुसरं दोन महिन्यांत झालं नाही तर पाय कायमचा आखूड राहील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणसाचा पाय आणि त्याचं काम, दोन्ही माझ्या त्या आठ ओळींवर येऊन अडकलं होतं.

आणि मी काय केलं? अहो, मी हात झटकले. पोलिसांकडून तशी माहिती आली असेल, असं म्हणाले. चोवीस वर्षांची नोकरी, आणि तोंडातून पहिली गोष्ट निघाली ती थाप.

संध्या चिडली नाही. तिनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर गाडीची चावी ठेवली. हिरव्या दोऱ्यात ओवलेली, साधी चावी. दवाखान्यात त्यांची फाटकी पँट तिच्या ताब्यात दिली, तेव्हा ती खिशात निघाली होती. गाडी संध्याकाळपर्यंत खड्ड्याच्या कडेला स्टँडवर उभी होती, अंगावर एक ओरखडा नव्हता. "भरधाव गाडीची चावी खिशात कशी काय राहते, मॅडम?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा. तोंडात मारली असती तरी बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी जुन्या बातम्या उघडून बसले. वर्षभरात पार्सल पोचवणाऱ्यांच्या अपघाताच्या एकोणीस बातम्या आम्ही छापल्या होत्या. चौदांमध्ये 'भरधाव' होतं. बातमीदारांनी पाठवलेला मूळ मजकूर आमच्याकडं राहतो, तो काढून पाहिला. मुळात तो शब्द फक्त दोन ठिकाणी होता. बाकीचे बारा डेस्कवर चिकटवलेले आणि त्यातले नऊ माझे. तो माणूस किती तास गाडीवर होता हे एकोणिसांपैकी एकातही नव्हतं. रस्त्याला खड्डा होता का, ऊन किती होतं, कुणी विचारलंच नव्हतं. एवढी मोठी भाषेची बाई मी, आणि माझं हे कर्तृत्व.

दुसऱ्या दिवशी मी भीमनगरला त्यांच्या घरी गेले. दारात गाडी उभी होती, आत पलंगावर संघपाल. दाढी वाढलेली, पायाखाली दोन उशा. मला पाहून उठायला लागले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्यानं पाणी दिलं. मी झालेलं सगळं सांगितलं, थापेसकट. ते ऐकून घेतलं त्यांनी आणि मग विचारलं, "मॅडम, तुमी व्हत्या का तिथं?"

नव्हते, मी म्हटलं.

"मग कुणी सांगितलं तुमाला?"

कुणीच नाही, म्हटलं. ते हळूहळू बोलायला लागले. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आपण अकरा वर्षं पेपर वाचून दाखवला, त्यात असल्या बातम्या किती आल्या असतील. अमका भरधाव, तमका भरधाव. ऐकणारे म्हणायचे, मरायलाच पळवतेत गाड्या, आणि आपणही मान डोलवायचो. परवा देवगावात कुणीतरी कडूबाईला हेच कात्रण वाचून दाखवलं. म्हातारीनं फोन करून लेकाला झापलं, लई जोरात पळवू नको म्हणत होते ना मी तुला. तिला काय सांगणार, ते म्हणाले. पेपरात आलंय.

मग त्या दुपारी काय झालं ते त्यांनी सांगितलं. सकाळी नऊपासून ते गाडीवर होते. उन्हाळ्यात दुपारी ऑर्डरी वाढतात, कारण गारव्यात बसलेल्या माणसांना बाहेर पडवत नाही. हॉटेलवाले पिशवीवाल्यांना आत उभं राहू देत नाहीत, दारातल्या सावलीतही नाही. गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही म्हणे. तिथं अर्धा तास उन्हात ताटकळले, बाटलीतलं पाणी संपलेलं. पुढं रस्त्यात डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. तरी हात सवयीनं चालले. गाडी कडेला, स्टँड, चावी खिशात. बसावं म्हणून एक पाऊल मागं टाकलं आणि तिथं खड्डा. ना पत्रा, ना दोरी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वही काढली, म्हटलं, हे सगळं छापते, अर्धं पान देते. हॉटेलवाले, कंपनी, खड्डेवाले, एकेकाला सोडत नाही. तर संघपालनं हात वर केला.

"चक्कर आली ते लिवू नका. चक्कर येणाऱ्याला कंपनी गाडीवर ठेवत नाय. गाडी हुबी व्हती, येवढंच लिवा."

मी वही मिटली. भरधाव लिहिलं तर पाय जातो आणि चक्कर लिहिलं तर काम जातं. खरं काय घडलं ते पूर्ण लिहिण्याची सोयच त्यांना नव्हती. चोवीस वर्षांत बातमीतले शब्द मी इतके जपून कधी उचलले नसतील.

संपादकांकडं गेले तर ते म्हणाले, तीन आठवड्यांनी कसला खुलासा, एवढ्या बारीक बातमीचं कुणाच्या लक्षात राहतं. विमावाल्यांच्या राहिलं, मी म्हटलं. मग ते तयार झाले, पण मजकुरात 'अनवधानाने' घाला म्हणाले. त्या शब्दावर माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. नऊ वेळा केलेल्या गोष्टीला अनवधान कसं म्हणायचं? शेवटी पान चारच्या तळाशी पाच ओळी छापून आल्या. संघपाल दाभाडे यांची दुचाकी भरधाव असल्याची माहिती आम्हाला कोणीही दिली नव्हती, ती वृत्तपत्राच्या डेस्कवर घालण्यात आली. दुचाकी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि चावी त्यांच्या खिशात होती. चूक आमची आहे.

संध्यानं ते कात्रण जोडून पत्र पाठवलं. मी रोज तिला फोन करायचे, आलं का काही? दहाव्या दिवशी आलं. विमावाल्यांनी विचारलं होतं, वाहन उभं होतं तर हा वाहन चालवतानाचा अपघात कसा? उभा माणूस खड्ड्यात का पडला? कामामुळं पडला असेल तर कारण कळवा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. माझ्या खुलाशानं एक दार उघडलं होतं आणि त्यांनी तिथंच पाय अडकवून उभं राहायचं ठरवलं होतं.

त्या घरात त्या दोन दिवसांत काय झालं ते मला संध्यानं नंतर सांगितलं. ती म्हणत होती, काम दुसरं मिळेल, पाय दुसरा मिळणार नाही. ते म्हणत होते, एकेचाळिसाव्या वर्षी लंगड्या फिटरला कोण घेतं? निदान गाडीवर बसता येतं. पोरगी मधे बसून दोघांची तोंडं बघत होती. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला संघपालचा फोन आला. "लिवा मॅडम. चक्कर आली म्हणून लिवा."

आणि आयडी, मी विचारलं. "ते गेलंच समजा," ते म्हणाले, आणि मुलीला शाळेचा फॉर्म भरायचाय म्हणून फोन ठेवला.

मी लिहिलं. हिमांशूला दोन दुपारी त्या हॉटेलाबाहेर उन्हात उभं केलं, तेव्हा तोही बापडा पाणी पाणी करत परत आला. कंपनीच्या माणसानं फोन करून गोड आवाजात सुचवलं की, 'बॉय' म्हणू नका तर 'पार्टनर' म्हणा, आम्ही सगळ्यांना तसंच म्हणतो. कशातले हो पार्टनर, मी विचारलं, ऊन अर्धं अर्धं वाटून घेता का? छापताना मी त्यांना कामगार म्हटलं. किती तास, किती ऊन, कुठं सावली नाकारली, खड्ड्याला कठडा नव्हता, सगळं लिहिलं. आणि भोवळ आली तेही लिहिलं, कारण ते लिहिल्याशिवाय पाय वाचत नव्हता.

लोकांनी लेखाचं कौतुक केलं. मला चार सत्कारांची बोलावणी आली, मी एकालाही गेले नाही. दावा मंजूर झाला आणि मुदतीच्या आत दुसरं ऑपरेशनही झालं. ज्या दिवशी संघपाल कुबडीवर पहिल्यांदा अंगणात आले, त्याच आठवड्यात फोनवर कंपनीचा निरोप आला. वैद्यकीय कारणास्तव तुमचा आयडी कायमचा बंद करण्यात येत आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. दुसऱ्या कंपन्यांनी नेटवर त्यांचं नाव टाकलं की लेख बाहेर येतो, म्हणून त्याही नको म्हणाल्या. माझा लेख. माझ्या चांगल्या, खऱ्या, नीट तपासलेल्या शब्दांचा लेख.

आता हिमांशूच्या दोन ओळी आल्या की मी त्याला फोन करून उभा-आडवा घेते. तू तिथं होतास का, कुणी पाहिलं, नाव काय माणसाचं? नसेल माहीत तर दोनच ओळी छापते आणि उरलेली जागा खुशाल मोकळी सोडते. संपादक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या रविवारी भीमनगरला गेले होते. गाडी दारातच होती, स्टँडवर, सीटवर धूळ. संघपाल चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. पेपर अजून सोडला नाही त्यांनी. मुलीनं वहीत तिन्ही कात्रणं ओळीनं चिकटवून ठेवलीत, भरधाव, खुलासा आणि लेख. ती त्यांनी मला दाखवली. लेखावर हात फिरवत म्हणाले, लई बेस लिवलं मॅडम तुमी, आईला बी वाचून दाखवलं, ती रडली. मग पान उलटून पहिल्या कात्रणावर आले आणि तिथं त्यांचं बोट थांबलं.

"पैल्याच दिवशी नुसतं 'खड्ड्यात पडला' लिवलं असतं," ते म्हणाले, "तर कुणी काय बी इचारलं नसतं. पाय बी झाला असता आन् मी आज गाडीवर असतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब मांडल्यासारखं बोलले ते. हिमांशूनं पाठवलेल्या दोन ओळींत तेवढंच होतं, खड्ड्यात पडून जखमी. संध्यानं चहा आणून ठेवला, आणि तो निवेपर्यंत मी त्या आठ ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.